जगभरात सर्वाधिक सट्टा लागणाऱ्या क्रीडास्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयपीएलचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत सट्टेबाजांच्या अटकेच्या बातम्या येऊ लागतात. त्याच सुमारास, एप्रिल महिन्यात, इंग्लंडमध्ये एरवी वर्षभर पैजेच्या वाटेला न जाणारी माणसे भर दुपारी दुकानात जाऊन ग्रँड नॅशनल शर्यतीवर पैसे लावतात आणि त्याची पावती खिशात घालून घरी येतात. दोन्हीकडे कृती एकच असते, पण कायदा, पद्धत आणि समाजाची नजर पूर्णपणे वेगळी असते. या विषयावर वाचक जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

जगात सर्वाधिक पैसा कोणत्या स्पर्धेवर लावला जातो?

एकाच स्पर्धेचा विचार केला तर पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकाला तोड नाही. दर चार वर्षांनी महिनाभर चालणारी, जवळजवळ प्रत्येक खंडात पाहिली जाणारी आणि जिचे नियम समजून घ्यायला पाच मिनिटे पुरतात अशी दुसरी स्पर्धा नाही. २०१८ च्या रशियातील विश्वचषकावर सुमारे १३,६०० कोटी युरोंची उलाढाल झाल्याचा अंदाज फिफाने जाहीर केला होता. २०२६ ची स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत ठरली तीच मुळी ४८ संघ आणि १०४ सामन्यांची. शिवाय अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत क्रीडासट्टा कायदेशीर झाल्यानंतर त्या देशात होणारा हा पहिलाच पुरुषांचा विश्वचषक असल्यामुळे जुने अंदाज मागे पडणार, हे सट्टा व्यवसायाने आधीपासूनच गृहीत धरले होते.

मात्र 'एका स्पर्धेवर' आणि 'एका दिवसात' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एका दिवसाचा हिशेब केला तर अमेरिकेतील सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, आणि काही ठरावीक घोड्यांच्या शर्यती पुढे येतात. वर्षभराचा हिशेब केला तर पारडे युरोपातील फुटबॉल लीगकडे झुकते, कारण तेथे आठवड्याचा बहुतेक प्रत्येक दिवस सामन्याचा असतो.

वेगवेगळ्या बातम्यांत आकडे इतके वेगळे का दिसतात?

कारण प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत असतो. २०२४ च्या सुपर बोलचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील जुगार व्यवसायाच्या संघटनेने त्या सामन्यावर सुमारे २,३१० कोटी डॉलर लागतील असा अंदाज वर्तवला होता. त्यात मित्रामित्रांतील पैजा, कार्यालयांतील वर्गणीचे खेळ आणि बेकायदा बुकी हे सारे धरलेले होते. सामना झाल्यावर नेवाडा राज्याने आपल्या परवानाधारक खिडक्यांवर प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम जाहीर केली, ती होती सुमारे साडेअठरा कोटी डॉलर. पहिला आकडा सर्वेक्षणावरून बांधलेला राष्ट्रीय अंदाज आहे, तर दुसरा एका राज्याचा वहीखात्यातला हिशेब आहे, आणि दोन्ही एकाच सामन्याचे आहेत.

फुटबॉलचेही तसेच आहे. २०१८ साठी फिफाने १३,६०० कोटी युरो सांगितले, तर २०२२ च्या कतारमधील विश्वचषकासाठी बार्कलेज बँकेच्या विश्लेषकांनी ३,५०० कोटी डॉलरचा अंदाज दिला आणि तो आधीच्या स्पर्धेपेक्षा कितीतरी अधिक असल्याचेही नमूद केले. म्हणजे दोघांची मोजपट्टी एक नव्हती. भारतातील बेकायदा सट्ट्याबद्दल 'इतके लाख कोटी' अशी जी विधाने केली जातात, ती तर याहूनही सावधपणे वाचावीत. ज्या धंद्याची वही पोलिसांच्या भीतीने जाळली जाते, त्याची बेरीज कोणी आणि कशी केली, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

ग्रँड नॅशनल ही शर्यत सामान्य माणसाला इतकी का भुलवते?

लिव्हरपूलजवळच्या एंट्री येथील ही शर्यत १८३९ पासूनची मानली जाते. सुमारे ६.९ किलोमीटर अंतर, वाटेत ३० अडथळे आणि २०२४ पासून जास्तीत जास्त ३४ घोडे, अशी तिची रचना आहे. त्याआधी ४० घोडे धावत. इतक्या घोड्यांत आणि इतक्या उड्यांत काहीही होऊ शकते, ही भावनाच तिचे आकर्षण आहे. १९६७ मध्ये तेविसाव्या अडथळ्यापाशी जवळजवळ सगळे घोडे एकमेकांवर आदळून थांबले आणि बराच मागे राहिलेला फोइनाव्हॉन नावाचा घोडा मोकळ्या जागेतून पुढे निघून जिंकला. त्याचा भाव होता शंभरास एक, म्हणजे एक पौंड लावणाऱ्याला शंभर पौंड. तो अडथळा आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

घोडे निवडण्याची पद्धतही गमतीची असते. नातवाच्या नावाशी नाव जुळले, जॉकीच्या कपड्यांचा रंग आवडला, एवढ्या कारणावर पैसे लावले जातात. रक्कम लहान असते, पण लावणारी माणसे असंख्य असतात. १९९३ मध्ये सुरुवातीची दोरी एका जॉकीच्या गळ्यात अडकली, चुकीची सुरुवात झाल्याचा इशारा बहुतेकांपर्यंत पोहोचलाच नाही, आणि सात घोड्यांनी तर शर्यत पूर्णही केली. अखेर शर्यत रद्द ठरवावी लागली आणि बुकींना सुमारे साडेसात कोटी पौंड परत करावे लागले. एका शर्यतीवर ब्रिटनमध्ये त्या काळी किती पैसा लागत होता, याचा हा एक दुर्मिळ आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह पुरावा आहे.

मेलबर्न कपच्या दिवशी खरोखरच सुट्टी असते का?

होय. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार हा मेलबर्न शहरात अधिकृत सुट्टीचा दिवस आहे. फ्लेमिंग्टन मैदानावर १८६१ पासून होणारी ही शर्यत आता ३,२०० मीटरची असते आणि तीत कमाल २४ घोडे असतात. उरलेल्या ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी सुट्टी नसली तरी दुपारी काही मिनिटे कामकाज थांबते. तेथील कार्यालयांत 'स्वीप' नावाचा प्रकार चालतो : प्रत्येकाने ठरलेली वर्गणी द्यायची, टोपीतून घोड्याच्या नावाची चिठ्ठी उचलायची आणि पहिल्या तीन घोड्यांच्या चिठ्ठ्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी पैसे वाटून घ्यायचे. यात घोड्यांचे ज्ञान लागत नाही, म्हणून तेथे नव्याने नोकरीला लागलेला मराठी माणूसही पहिल्याच वर्षी त्यात ओढला जातो. आपल्या भिशीत निदान प्रत्येकाची पाळी येते, येथे तीही खात्री नसते.

'टोट' म्हणजे काय आणि बुकीपेक्षा ते वेगळे कसे?

बुकी आधी भाव सांगतो आणि त्या भावाची जोखीम स्वतः उचलतो. टोटमध्ये तसे नसते. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात, त्यातून कर आणि संयोजकांचा वाटा कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते. समजा गल्ल्यात एक लाख रुपये जमले आणि वीस टक्के कापले गेले. वाटायला ८०,००० रुपये उरले. जिंकलेल्या घोड्यावर दहा रुपयांची १,६०० तिकिटे लागली असतील, तर प्रत्येक तिकिटाला ५० रुपये मिळतील. त्या घोड्यावर कमी लोकांनी पैसे लावले असते तर हीच रक्कम वाढली असती. म्हणजे टोटवर खेळणारा माणूस घोड्याशी नव्हे तर खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या इतरांशी खेळत असतो, आणि संयोजकाला कोण जिंकतो याने काहीच फरक पडत नाही. ही पद्धत जोसेफ ओलर याने १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये रूढ केली.

अमेरिकेतील केंटकी डर्बी याच पद्धतीने चालते. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुईव्हिल येथे होणारी ही शर्यत १८७५ पासून अखंड सुरू आहे आणि जेमतेम दोन मिनिटांत संपते. २०२२ मध्ये आदल्या दिवशी एका घोड्याने माघार घेतल्यामुळे ऐनवेळी जागा मिळालेला रिच स्ट्राइक हा घोडा ऐंशीस एक भावाने जिंकला आणि दोन डॉलरच्या तिकिटाला १६३ डॉलर ६० सेंट मिळाले. याउलट १९७३ मध्ये सेक्रेटॅरिएट या घोड्याने बेलमाँट शर्यत जिंकली तेव्हा त्याच्यावरची पाच हजारांहून अधिक विजयी तिकिटे लोकांनी वटवलीच नाहीत. भाव इतका कमी होता की पैशांपेक्षा आठवण म्हणून कागद जवळ ठेवणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

जपानचे नाव या यादीत का घेतले जाते?

एका घोड्यांच्या शर्यतीवर लागलेल्या सर्वाधिक रकमेचा जुना विक्रम जपानच्या नावावर आहे. डिसेंबरअखेर नाकायामा मैदानावर होणाऱ्या अरिमा किनेन या शर्यतीत बहुतेक घोडे प्रेक्षकांच्या मतदानाने निवडले जातात. १९९६ मध्ये तिच्यावर सुमारे ८,७५० कोटी येन लागले होते. जपानमध्ये जुगारावर सर्वसाधारण बंदी आहे, पण घोडे, सायकल, मोटारबोट आणि मोटारसायकल या चार शर्यतींना सार्वजनिक संस्थांच्या हाती ठेवून सूट दिलेली आहे. दरवाजे एवढेच उघडे असतील तर गर्दी तेथेच होणार. हाँगकाँगमध्येही हेच दिसते. तेथील जॉकी क्लबकडे एकाधिकार आहे आणि लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास असूनही एका हंगामाची शर्यतींची उलाढाल दहा हजार कोटी हाँगकाँग डॉलरच्या पुढे जाते.

सुपर बोलमध्ये निकालाशिवाय आणखी कशाकशावर पैजा लागतात?

नाणेफेकीपासून राष्ट्रगीत किती सेकंद चालेल येथपर्यंत. काही राज्यांत तर विजयी प्रशिक्षकाच्या डोक्यावर ओतल्या जाणाऱ्या पेयाच्या रंगावरही पैज घेतली जाते. अशा फुटकळ पैजांची लोकप्रियता १९८६ च्या सामन्यानंतर वाढली असे मानले जाते. शिकागो संघाचा विल्यम पेरी हा अवाढव्य बचावपटू गुण मिळवेल का, अशी पैज लास व्हेगासच्या कॅसिनोंनी गंमत म्हणून ठेवली होती. त्याने गुण मिळवला आणि कॅसिनोंना पैसे मोजावे लागले. पण त्या पैजेला मिळालेला प्रतिसाद पाहून त्यांनी पुढच्या वर्षांत अशा पैजांची यादी वाढवतच नेली.

मुख्य सामन्यावर 'पॉइंट स्प्रेड' चालतो. बलाढ्य संघ नुसता जिंकून चालत नाही, तो ठरावीक गुणांहून अधिक फरकाने जिंकावा लागतो. त्यामुळे एकतर्फी वाटणाऱ्या सामन्यातही दोन्ही बाजूंना पैसे लागतात. १९६९ मध्ये न्यूयॉर्क जेट्स हा संघ सुमारे १८ गुणांनी हरेल असे गृहीत धरले गेले होते. तो १६-७ असा जिंकला.

हे सारे दीर्घकाळ प्रामुख्याने नेवाडापुरते मर्यादित होते, कारण १९९२ च्या केंद्रीय कायद्याने इतर राज्यांना क्रीडासट्टा सुरू करण्यास मनाई केली होती. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी परवानगी दिली. न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस आज मोबाइलवर जी पैज कायद्याने लावतो, तीच मुंबईतल्या त्याच्या भावाने लावली तर ती बेकायदा ठरते.

'मार्च मॅडनेस' म्हणजे काय?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची ६८ संघांची बाद फेरीची स्पर्धा. तेथे लोक सट्ट्यापेक्षा 'ब्रॅकेट' भरण्यात, म्हणजे सगळ्या सामन्यांचे विजेते आधीच लिहून ठेवण्यात रमतात. मुख्य ६३ सामन्यांचे अंदाज नाणे उडवून लिहिले, तर सगळे बरोबर येण्याची शक्यता दोनच्या ६३ व्या घातात एक इतकी असते. २०१४ मध्ये वॉरेन बफे यांच्या कंपनीच्या पाठबळावर अचूक ब्रॅकेटसाठी शंभर कोटी डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. ते कोणालाही मिळाले नाही.

क्रिकेटच्या सट्ट्यात 'भाव' कसा वाचतात?

जगाच्या यादीत क्रिकेट वर असण्याचे कारण भारतीय उपखंड आहे. भारत-पाकिस्तान सामना असो की आयपीएलचा साधा साखळी सामना, पैसा येथूनच येतो. येथील बाजाराची भाषा ब्रिटिश पद्धतीहून वेगळी आहे. भाव नेहमी 'फेव्हरिट' संघाचा सांगितला जातो. बुकीने '८०-८२' असा भाव दिला, तर पहिला आकडा 'लगाई'चा आणि दुसरा 'खाई'चा. फेव्हरिटवर १,००० रुपये लगाई केली आणि तो जिंकला तर ८०० रुपये मिळतात, हरला तर हजार जातात. याच संघाची हजाराची खाई केली, म्हणजे तो हरेल यावर पैसे लावले, तर तो हरल्यावर १,००० मिळतात, पण जिंकल्यावर ८२० द्यावे लागतात. आता एक पंटर, म्हणजे पैसे लावणारा, लगाईला आणि दुसरा खाईला बसला आहे असे धरा. फेव्हरिट जिंकला तर बुकी एकाकडून ८२० घेतो आणि दुसऱ्याला ८०० देतो. हरला तर हजार घेऊन हजार देतो. दर हजारामागे वीस रुपयांची ही फट हाच त्याचा धंदा. प्रत्येक चेंडूगणिक भाव हलत असल्यामुळे एका सामन्यात ती शेकडो वेळा उघडते. शिवाय ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरचे 'सेशन' वेगळेच. व्यवहार रोखीने आणि शब्दावर होतात, लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' म्हणतात, आणि वसुलीसाठी न्यायालयात जाता येत नसल्याने ती कशी होते हे सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार क्रिकेट, फुटबॉल किंवा अन्य खेळांवर सट्टा घेणे गुन्हा आहे. अपवाद घोड्यांच्या शर्यतींचा आहे. १९१२ च्या परवाना कायद्याखाली मुंबईतील महालक्ष्मी आणि पुण्यातील रेसकोर्सवर टोट आणि परवानाधारक बुकी यांच्याकडे पैसे लावता येतात. घोडा आणि जॉकी यांच्या कामगिरीचा अभ्यास करून निवड करणे हे कौशल्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तमिळनाडूतील एका खटल्यात दिला. १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी ही महालक्ष्मीवरची सर्वांत मानाची शर्यत. या अपवादाला करही तितकाच मोठा लागतो : २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के आहे आणि जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा.

गोव्यात कॅसिनोंना परवानगी आहे म्हणून तेथे आयपीएलवरही सट्टा चालतो, असा गैरसमज सर्रास आढळतो. कॅसिनोचा परवाना पत्ते, रूलेट यांसारख्या खेळांपुरता असतो.

ऑनलाइन खेळांबाबत चित्र २०२५ मध्ये पालटले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ प्रतिबंधित केले. ते पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. भारतीय संघाच्या जर्सीवरील 'ड्रीम इलेव्हन' हे नाव त्यानंतरच उतरले. याआधी न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ मध्ये क्रिकेटवरील सट्टा नियमांच्या चौकटीत कायदेशीर करावा अशी शिफारस केली होती, आणि २०१८ च्या अहवालात विधी आयोगानेही बंदी शक्य नसेल तर नियमन करावे असे म्हटले होते. संसदेने उलटी दिशा निवडली. बंदीने पैसा थांबतो की केवळ भूमिगत होतो, याबद्दल माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, पण वाचकाच्या दृष्टीने कायदा स्पष्ट आहे.

सट्टा आणि सामनानिश्चिती यांचा संबंध किती थेट आहे?

नेहमीच थेट असतो असे नाही. जुलै १९८१ मध्ये हेडिंग्ले कसोटीत इंग्लंडचा भाव पाचशेस एक झाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिली यांनी दहा आणि रॉडनी मार्श यांनी पाच पौंड विरुद्ध संघावर लावले. बोथम यांनी नाबाद १४९ धावा केल्या, विलिस यांनी ८ बळी घेतले, इंग्लंड १८ धावांनी जिंकले आणि या दोघांना मिळून ७,५०० पौंड मिळाले. त्यांच्या खेळावर कोणी संशय घेतला नाही, पण आज असे करणारा खेळाडू निलंबित होईल.

२००० मध्ये दिल्ली पोलिसांनी ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणातून दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे सामनानिश्चितीचे प्रकरण उघड झाले आणि निरागसपणाचा काळ संपला. २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी आधी ठरलेल्या क्षणी नोबॉल टाकले आणि पुढच्या वर्षी तीन खेळाडूंना लंडनच्या न्यायालयाने तुरुंगात पाठवले. सामन्याचा निकाल फिरवायला अनेकांना हाताशी धरावे लागते, एक नोबॉल मात्र एकटा टाकू शकतो. लहानसहान घटनांवरच्या पैजा वाढल्या तशी ही वाट सोपी झाली.

टेनिसमध्ये धोका वेगळ्या कारणाने आहे. तेथे खेळाडू एकटा असतो आणि खालच्या दर्जाच्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम प्रवासखर्चालाही पुरत नाही. २००७ मध्ये पोलंडमधील एका सामन्यावर अनाकलनीय प्रमाणात पैसे लागल्याने बेटफेअर या कंपनीने त्यावरच्या सगळ्या पैजा रद्द केल्या होत्या. चौकशीत दोन्ही खेळाडूंविरुद्ध काही सिद्ध झाले नाही.

अभ्यास करून सातत्याने जिंकता येते का?

दोन तुल्यबळ संघांवर दोन्हीकडे १.९० असा भाव असतो तेव्हा उत्तर तेथेच लिहिलेले असते. दोन्ही बाजूंना हजार-हजार लावले तर खिशातून २,००० जातात आणि निकाल काहीही लागला तरी १,९०० परत येतात. म्हणजे नुसते बरोबरीत राहण्यासाठीही शंभरातले जवळपास ५३ अंदाज अचूक यावे लागतात. हे साधणारी माणसे जगात आहेत, पण ती मोजकी, गणिती साधने वापरणारी असतात आणि अनेक कंपन्या त्यांची खाती मर्यादित करून टाकतात. पाच हजारास एक भाव असलेला लेस्टर सिटी २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकला, हे सर्वांना आठवते. त्याच भावाने इतर संघांवर वर्षानुवर्षे बुडालेल्या पैशांची बातमी होत नाही. सट्ट्यामुळे कर्ज, लपवाछपवी किंवा निद्रानाश सुरू झाला असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या १४४१६ क्रमांकाच्या मोफत सेवेवर मराठीतही बोलता येते.

ज्या देशात सट्ट्याला बंदी आहे तेथे एवढ्या मोठ्या शर्यती कशा भरतात?

रियाधमध्ये २०२० पासून होणाऱ्या सौदी कप या शर्यतीचे एकूण बक्षीस दोन कोटी डॉलर आहे आणि ती जगातील सर्वांत श्रीमंत शर्यत गणली जाते. सौदी अरेबियात जुगाराला बंदी असल्याने मैदानावर सट्ट्याची एकही खिडकी नसते. इतर बहुतेक देशांत शर्यतींचा खर्च सट्ट्याच्या उलाढालीतून निघतो, येथे तो राज्यसत्तेच्या आणि प्रायोजकांच्या तिजोरीतून येतो. पैजा मात्र लागतातच. थेट प्रक्षेपण ब्रिटन, अमेरिका आणि हाँगकाँगमध्ये पोहोचते, आणि रियाधमध्ये धावणाऱ्या घोड्यांचे भाव तेथे ठरतात.